जिताड्याचं तळं

पेणहून वाशी-शिर्कीकडे निघालं की खाडीच्या बांधाआड भाताची खाचरं पसरलेली दिसतात. हा खारेपाट. भरती मातीच्या बांधाने अडवायची आणि पावसाचं पाणी उघाडीतून खाडीत सोडायचं, अशी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्रीदार बांध सांभाळत आणि त्या मोबदल्यात कुळांकडून भात घेत. १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला. खेकड्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या बिळांतून पाणी झिरपायचं, बांधाला खांड पडायची आणि शेतात खारं पाणी शिरायचं.

अशा मुलखात गोडं पाणी मोलाचं. म्हणून घराजवळ तळं, आणि तळ्यात जिताडा मासा.

धरमतरच्या खाडीत काय किंवा रोह्याच्या कुंडलिकेच्या मुखाकडे काय, जिताड्याला खारं-गोडं मिसळलेलं पाणी मानवतं. अंडी मात्र तो खाऱ्या पाण्यातच घालतो, त्यामुळे तळ्यात त्याची वीण होत नाही. पावसाळ्यात खाडीत सापडणारी पिल्लं आणून सोडायची, हाच जुना रिवाज. शिवाय हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पक्का मांसाहारी, लहान भावंडंही सोडत नाही. चांगला पोसलेला जिताडा साहेबाच्या घरी पोचला की अडलेला कागद हलतो, अशा गोष्टी रायगडात चवीने सांगितल्या जातात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बीज हॅचरीत तयार केलं, तेव्हा खाडीवरचं अवलंबन सुटण्याची वाट दिसली.

पण विकतचं बीज आणून मासे दाटीने वाढवायचे, वरून खाद्य टाकायचं, तर तळाशी उष्टं आणि विष्ठा साचते, अमोनिया वाढतो, व्हिब्रिओसारखे जिवाणू माजतात. पूर्वी यावर अँटिबायोटिक हा सरधोपट उपाय होता. १९८६ मध्ये जपानच्या कोझासा यांनी यलोटेल माशांच्या खाद्यात बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू मिसळण्याचा प्रयोग मांडला आणि मत्स्यशेतीत प्रोबायोटिकचं, म्हणजे उपकारक जिवाणूंचं, पर्व सुरू झालं. बॅसिलस टिकाऊ: बीजाणूच्या रूपात तो पुडीत महिनोन्‌महिने तग धरतो. माशाच्या आतड्यात पचनाला मदत करणारी विकरं सोडतो, रोगजंतूंची जागा अडवतो. पाण्यात सोडला तर गाळातलं उष्टं कुजवतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे. एकाच पुडीवर साऱ्या रोगांचा इलाज छापणाऱ्या विक्रेत्याकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावं. तळं उन्हाळ्यात सुकवलं नाही, गाळ काढला नाही, तर पुडी काय करणार?

कोळंबीच्या तळ्यांवर आज बॅसिलससारखे जिवाणू पिंपात आदल्या रात्री भिजत घालतात आणि सकाळी पाण्यावर शिंपडतात. त्यांना पोसायला गूळ आणि भाताचा कोंडा लागतो. गूळ बाजारातून आणावा लागतो; कोंड्याची वानवा खारेपाटात कधीच नव्हती.