हाली, कलदार आणि मोबाईलवरचं पाच लाखांचं नाणं



मागच्या आठवड्यात आमच्या एका पाहुण्यानं मला पाटोद्याच्या बाजारात गाठलं. रुमालात बांधलेलं तांब्याचं नाणं काढून हातावर ठेवलं. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी आणि साल 1818. मोबाईलवर कुणीतरी त्याचे पाच लाख देतो म्हणाला होता. फक्त आधी नोंदणीचे साडेचार हजार भरायचे. भरले. मग टॅक्सचे नऊ हजार. तेही भरले. आता तो नंबर लागत नाही. पैसे कुठले, तर पोराच्या ऊसतोडीच्या उचलीतले.

म्हणून आज जरा लांब लिहितोय. शेवटपर्यंत वाचा.

1818 साली पेशवाई बुडाली. त्या काळात कंपनीनं रामदरबाराचं असं नाणं चलनात आणलेलं नाही. देवाच्या चित्रांचे रामटंके पूर्वीपासून होते, पण ते पूजेसाठी, बाजारासाठी नव्हेत. त्याच धाटणीवर कंपनीचं नाव आणि जुनं साल टाकून हे तुकडे नंतर पाडले गेले. 1616, 1717, 1818, 1839 अशी सालं त्यांच्यावर दिसतात. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण ‘ऐतिहासिक नाणं’ म्हणून त्याला किंमत नाही.

मग आपल्या भागात खरं कोणतं नाणं चालायचं? आपण निजामाच्या राज्यात होतो. पलीकडं जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. सरकारी हिशेबानं सात हाली म्हणजे सहा कलदार. सीमेवरच्या माणसाला ही दोन्ही नाणी ओळखावीच लागत, नाहीतर बाजारात फसगत ठरलेली.

विसाव्या शतकातल्या हाली रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या मधल्या दारात एक उर्दू अक्षर असतं. ‘मीम’ असेल तर महबूब अली खानाचा काळ, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खानाचा, म्हणजे 1911 नंतरचा. साल हिजरी. वजन साधारण 11.18 ग्रॅम. कलदार मात्र पुरा तोळा, 11.66 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर हा फरक लगेच कळतो.

शिवराईचं तसंच. 1674 च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढं पेशवाईतही पडत राहिलं. म्हणून मिळालेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली असेलच असं नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडं ‘छत्र पति’. हे नाणं हातोड्यानं ठोकून पाडलेलं. त्यामुळं ते कधी पुरतं गोल नसतं, अक्षर कडेला सरकलेलं असतं, एखादं अर्धं तुटलेलं असतं. बाजारात कुणी एकदम गोल, मधोमध, सगळी अक्षरं टापटीप असलेली शिवराई दाखवली तर तिथंच थांबा. कड बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेवर जोडाची रेघ सापडते, अंगावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं दिसतात, अक्षरं मऊ वाटतात. सोन्याचा होन तर विचारूच नका. अस्सल होन फार थोडे आहेत, नकला मात्र ढिगानं.

दुसरा प्रकार जास्त वाईट. नाणं खरं, पण त्यात फेरफार केलेला. 1939 चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ. म्हणून 1938 च्या रुपयातला 8 कोरून त्याचा 9 करतात. वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाजही खणखणीत. भिंगाखाली त्या एका आकड्याभोवती ओरखडे दिसतात, तेवढाच पुरावा.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. 1934 पासून युक्रेनच्या खारकीवमध्ये ‘फेड’ नावाचा कॅमेरा बनू लागला, जर्मन ‘लायका’ची नक्कल करून. पुढं ‘झोर्की’ आला. स्वस्त आणि भरपूर. नंतर काही कारागिरांनी त्यावरचं नाव घासून ‘लायका’ कोरलं, हिटलरच्या सैन्याचा गरुड कोरला, वर सोन्याचा मुलामा दिला आणि युद्धातला दुर्मिळ कॅमेरा म्हणून शौकिनांना विकला. जाणकार काय करतो? लेन्स काढून आत बघतो. लायकात तिथं गोल चाक असतं, या रशियन कॅमेऱ्यांत पाचरीसारखा तुकडा. नाव खोडता येतं, पोट बदलणं अवघड.

नाण्यालाही हाच नियम लावा. तोंड बघून भुलू नका. वजन, कड आणि घडण बघा. आणि विकणाऱ्याला विचारा, हे आलं कुठून? नुसत्या गोष्टी सांगायला लागला तर समजून जा.

मोबाईलवाल्यांसाठी तर एकच सांगणं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय, की ती जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कसलीही फी घेत नाही. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. आणि नांगरताना मडकं सापडलं तर परस्पर विकू नका. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर कलेक्टरला द्यावी लागते.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? पाहुण्याच्या त्याच रुमालात आजीचे दोन हाली रुपये होते, अस्सल. त्यांच्याकडं त्यानं बघितलंही नव्हतं. ‘चांदीच्या भावानं मोडून टाकतो’ म्हणाला. लाखात नाही जाणार ते, खरंय. पण आपला माणूस या रानात कसा जगला, काय मोजून दिलं-घेतलं, त्याचा तो पुरावा आहे. मी त्याला म्हणालो, मोडू नको, पोरांना दाखव.

तुमच्या घरच्या पेटीत काय आहे? फोटो टाका, मिळून बघू. विकण्यासाठी नाही, ओळखण्यासाठी. आणि ही पोस्ट गावच्या ग्रुपवर पाठवा. कुणाची तरी उचल वाचेल.