संशोधन करताना : नैतिक व कायदेशीर जबाबदारी

नाशिक रोडच्या वस्त्यांत प्रश्नावली घेऊन येणारा संशोधक कधी बाहेरचा असतो, कधी आपल्याच घरातला. नियम दोघांनाही सारखेच.

संमती : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यविषयक संशोधनाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. माहिती देणाऱ्याला त्याच्या भाषेत हेतू समजावून संमती घ्यावी लागते. तो केव्हाही माघार घेऊ शकतो.

गोपनीयता : आजार, कर्ज किंवा अत्याचाराबद्दल बोलणाऱ्याची ओळख प्रबंधात उघड होऊ देऊ नये.

वाङ्मयचौर्य : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास ६ महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रबंध देण्यास १ वर्ष बंदी, तर त्यापुढे नोंदणीच रद्द होते.

१९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या आठवणी आज सत्याग्रहींच्या नातवंडांकडे आहेत. त्या टिपताना आपण परवानगी घ्यावी, नाव छापायचे का ते विचारावे आणि प्रबंधाची एक प्रत त्या घरी पोहोचवावी. आपली माणसे केवळ ‘नमुना’ नाहीत, हे आपणच आधी पाळले पाहिजे.