लिगिन्स, सर ग्रॅहम कॉलिंगवुड

(२४ जून १९२६–२४ ऑगस्ट २०१०). न्यूझीलंडचे प्रसूतिशास्त्रज्ञ आणि संशोधक. दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याची चिन्हे दिसली की आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन बाळाची फुप्फुसे जन्माआधीच श्वासासाठी तयार करून घ्यायची, हा आज जगभर रुळलेला उपचार त्यांच्या संशोधनातून पुढे आला.

जन्म थेम्स गावी. ओटागो विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि पुढे ऑकलंडच्या ‘नॅशनल विमेन्स हॉस्पिटल’मध्ये रमले. ओळखीचे लोक त्यांना ‘माँट’ म्हणत. याच रुग्णालयात बिल लायली यांनी १९६३ मध्ये पोटातल्या बाळाला रक्त चढवून दाखवले होते. अशा सहकाऱ्यांच्या संगतीत लिगिन्स यांनी एक जुनाच प्रश्न हाती घेतला : कळा केव्हा सुरू व्हायच्या हे आई ठरवते की बाळ? बाळ ठरवते, असे हिपॉक्रेटिसच्या परंपरेत मानले जाई. पुरावा मात्र नव्हता.

न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांना तोटा नाही. लिगिन्स यांनी गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकराची पियुषिका ग्रंथी निकामी केली, तेव्हा दिवस उलटून गेले तरी मेंढी विईना. उलट पोटातल्या कोकराला कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड दिले की ती वेळेआधीच वीत असे. म्हणजे निदान मेंढीत तरी निर्णय कोकराचा होता. बायकांच्या बाबतीत हे गणित जसेच्या तसे लागू पडले नाही. स्टेरॉइडने स्त्रीला कळा सुरू होत नाहीत, त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर अर्धवटच राहिले.

पण याच प्रयोगांत स्टेरॉइड दिलेले एक कोकरू सुमारे ११७ दिवसांचे असताना जन्मले. मेंढीचे दिवस भरायला साधारण १४७ दिवस लागतात. इतक्या कोवळ्या कोकराची फुप्फुसे हवा धरूच शकत नाहीत, ते जन्मताच मरायचे. हे मात्र श्वास घेत होते. ते गेल्यावर तपासले तर फुप्फुसांत काही भागात हवा भरलेली दिसली. लिगिन्स यांची थोरवी मला इथे दिसते : शोधायला निघालो होतो ते हे नाही, म्हणून त्यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. फुप्फुसातले वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध पदार्थाचा थर लागतो. तो वेळेआधी तयार करण्याचे काम स्टेरॉइडने केले असावे, असा तर्क त्यांनी मांडला.

त्या काळी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, फुप्फुसे कच्ची असलेल्या बाळांपुढे डॉक्टर हतबल असत. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक कच्च्या फुप्फुसांमुळे होणाऱ्या श्वसनविकाराने दोन दिवसांच्या आत गेला.

बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांना सोबत घेऊन लिगिन्स यांनी १९६९ च्या अखेरीस मातांवर चाचणी सुरू केली. निम्म्या मातांना बीटामेथासोन हे स्टेरॉइड, उरलेल्यांना दिसायला तसेच पण अगदी क्षीण परिणामाचे कॉर्टिसोन. १९७२ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २८२ मातांचे निष्कर्ष छापून आले. त्यांपैकी आपोआप कळा सुरू झालेल्या गटात पहिल्या आठवड्यातला बालमृत्यू १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आला होता.

यानंतरचा इतिहास वाचवत नाही. औषध स्वस्त, पुरावा छापील, तरीही बहुतेक देशांत प्रसूतितज्ज्ञ वीसेक वर्षे कचरत राहिले. पुढच्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने या उपचाराची शिफारस केली. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा याच चाचण्यांच्या आहेत. वेळीच वापर झाला असता तर वाचली असती अशी हजारो बाळे त्या रेघांमागे आहेत.

या कथेत नागपूर आणि बेळगावही येतात. दोन्ही ठिकाणे सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीत होती; तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावपातळीपर्यंत इंजेक्शन पोहोचवूनही कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू उलट किंचित वाढले. किती महिने झाले याचा अंदाज चुकत होता, त्यामुळे दिवस भरलेल्या बायकांनाही इंजेक्शन मिळत होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने सोनोग्राफीने दिवस पक्के करून, नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयांतच नव्याने चाचणी घेतली. तीत बेळगाव आणि दिल्ली ही भारतातली केंद्रे होती. २०२० मध्ये निकाल लागला : डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के.

लिगिन्स १९८० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९९१ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. ऑकलंड विद्यापीठाची लिगिन्स संशोधन संस्था त्यांच्याच नावाने चालते. त्यांच्या पहिल्या चाचणीतली बाळे तिशीत आल्यावर त्यांना शोधून पुन्हा तपासले गेले, तेव्हा आईला दिलेल्या त्या इंजेक्शनचा त्यांच्या हृदयावर वा रक्तदाबावर वाईट परिणाम झालेला आढळला नाही.