वेशीवरचा दरवाजा

मुंबईहून निघालेली गाडी कल्याणला आली की सांधा लागतो. एक वाट कर्जतची, दुसरी आमच्या टिटवाळ्यावरून कसाऱ्याची. आत कोण बसले आहे याच्याशी सांधेवाल्याला कर्तव्य नसते. गाडी कुठली, एवढेच तो पाहतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य जनांस खुले केले. त्या जाळ्यातल्या सांधेवाल्यांना राउटर म्हणतात. पण त्यांच्या आधी वेशीवरचा दरवाजा होता. मोडेमने टेलिफोन लावावा, पलीकडच्या ॲक्सेस सर्व्हरने नाव आणि परवलीचा शब्द विचारावा, पटले तर आत घ्यावे! पुढे मजकुराचे लहान तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो. राउटर पत्ता वाचून तुकडा पुढच्या ठाण्याकडे धाडतो. सबंध वाट त्यालाही ठाऊक नसते. तुकडे निरनिराळ्या वाटांनीही जातात आणि मुक्कामी पुन्हा जुळतात.

गंमत अशी की, वेस मुंबईत आणि आम्ही वेशीबाहेर! आमचा टेलिफोनचा संकेतांक निराळा. दार ठोठावायचे तरी एस.टी.डी.चे पैसे.

थोरला भाऊ तेव्हा मस्कतला होता. त्याचे पत्र पंधरा दिवसांनी येई. ‘सर्व कुशल’ ऐकून आई म्हणे, “पंधरा दिवसांपूर्वी कुशल होता. आजचं काय?”

१९९९ च्या दिवाळीत कल्याणच्या एका सायबर कॅफेतून मी त्याला चार ओळी धाडल्या. तासाभरात उत्तर आले. ते छापून घरी नेले. आईने वरची तारीख दोनदा वाचली.

“अरे, ही तर आजचीच!” ती म्हणाली, आणि देवापुढच्या समईची वात तिने जरा पुढे सारली.