गोदाकाठचं गुरुपद
आम्ही नांदेडकर लंगरची डाळ-रोटी खातच मोठे झालो. १७०८ मध्ये इथे, गोदावरीकाठी, गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुपद कुणा माणसाला न देता शिखांच्या धर्मग्रंथाला दिलं. केवढं हे धाडस! त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे इथल्या वारकऱ्यांनाही मोठ्या अभिमानाचं.

आजची सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात उभारली. तिथे अजूनही रोज पहाटे सेवेकरी गोदावरीतून घागर भरून आणतो, त्या पाण्यानं गाभारा धुतला जातो. संध्याकाळी गुरूंची शस्त्रं भाविकांना दाखवतात.

लंगरात साहेब आणि हमाल एकाच पंगतीला, डोकं झाकून. रोटी मागायची ती दोन्ही हात पुढे करून, प्रसाद घ्यावा तशी. आईनं हेच शिकवलं, मी नातवंडांना शिकवतो.