दरवाजेबान : नासिर हिजाझी

इराणचा विसाव्या शतकातला इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा दोन तसबिरी समोर ठेवून सांगितला जातो. एक शहाची, दुसरी आयातुल्ला खोमेनींची. एक गेली, दुसरी आली आणि इतिहास घडला, असा एकूण थाट. परंतु या दोन तसबिरींच्या मधल्या काळात कोट्यवधी माणसे जगत होती, राबत होती, हरत-जिंकत होती. त्यांचा इतिहास तख्तावर बसून लिहिला गेला नाही आणि मिंबरावरूनही सांगितला गेला नाही. अशाच एका माणसाची हकिगत आम्ही येथे मांडत आहोत. हा माणूस फुटबॉलच्या मैदानावर गोलच्या दोन खांबांमध्ये उभा राहिला. फारसीत गोलरक्षकाला 'दरवाजेबान' म्हणतात. दरवाजा आणि दरवान हे दोन्ही शब्द फारसीतूनच मराठीत येऊन मुरलेले असल्याने या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगण्याची गरज नाही.

नासिर हिजाझी यांचा जन्म डिसेंबर १९४९ मध्ये तेहरानला झाला. वय विशीच्या आत असतानाच ते 'ताज' या क्लबात आले. ताज म्हणजे मुकुट. १९४५ साली सायकलस्वारांचा क्लब म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने पुढे हे नाव घेतले आणि नावाप्रमाणेच तिची ऊठबस राजसत्तेच्या सावलीत राहिली. १९७० साली तेहरानमध्ये झालेल्या आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ताजने इस्रायलच्या हापोएल तेल अवीव संघाला २-१ असे हरवले. त्या विजेत्या संघात हिजाझी होते. त्या काळी इराण आणि इस्रायल एकमेकांच्या मैदानावर खेळत असत, ही गोष्ट आजच्या पिढीला सांगितली तरी खरी वाटणार नाही.

त्यानंतरची काही वर्षे इराणी फुटबॉलच्या भरभराटीची होती. १९७२ साली बँकॉकमध्ये दक्षिण कोरियाला २-१ ने नमवून इराणने आशियाई चषक जिंकला. १९७४ साली आशियाई खेळ तेहरानला झाले आणि फुटबॉलचे सुवर्णपदक यजमानांनी मिळवले. १९७६ साली पुन्हा तेहरानमध्येच आशियाई चषक इराणकडे राहिला. त्या स्पर्धेत संपूर्ण संघावर एकही गोल झाला नाही. या तिन्ही विजेत्या संघांत हिजाझी होते. म्युनिक आणि मॉन्ट्रियल अशी दोन ऑलिंपिकही त्यांच्या वाट्याला आली. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, तिजोरीत पैसा खळखळू लागला. शहाला आपला देश जगाला दाखवायचा होता. आशियाई खेळांसाठी एक लाख माणसे मावतील असे जे क्रीडांगण बांधले त्याला 'आर्यमेहर' हे शहाचेच बिरूद दिले गेले. खेळाडूंच्या घामाला शाही मुलामा चढवण्याची ती रीत होती.

१९७८ च्या जून महिन्यात इराण प्रथमच विश्वचषकात खेळला. त्या वर्षी जानेवारीपासून देशात निदर्शने आणि गोळीबार यांचे सत्र सुरू झाले होते. अशा अस्वस्थ देशातून हा संघ अर्जेंटिनाला गेला. पहिल्या सामन्यात हॉलंडने ३-० असे हरवले. तिन्ही गोल रेन्सेनब्रिंक या एकाच खेळाडूचे. दुसऱ्या सामन्यात मात्र स्कॉटलंडसारख्या मातब्बर संघाला इराणने १-१ असे रोखले. विश्वचषकातला इराणचा तो पहिला गुण. तिसऱ्या सामन्यात पेरूने ४-१ असा पराभव केला. तिन्ही वेळा गोलमध्ये हिजाझी होते. त्यांचे नाव युरोपातही पोचले होते. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबाबरोबर त्यांनी काही काळ सराव केला, पण करार काही झाला नाही. तो झाला असता तर आशियातला खेळाडू इंग्लंडच्या नामांकित क्लबात जाण्याची वाट कितीतरी आधी खुली झाली असती.

फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती झाली. शहा गेला आणि पाठोपाठ नावेही गेली. 'ताज'चे 'इस्तिकलाल' झाले, म्हणजे स्वातंत्र्य. आर्यमेहर क्रीडांगणाचे 'आझादी' झाले. नावे तर मोठी देखणी होती! खेळाडू तेच, प्रेक्षक तेच, निळा रंगही तोच. सप्टेंबर १९८० मध्ये कुवेतला आशियाई चषकाची स्पर्धा चालू असतानाच, २२ तारखेला, इराकने इराणवर हल्ला केला. मायदेशात बाँब पडत असताना परक्या मैदानावर खेळणाऱ्या या संघाने तिसरा क्रमांक मिळवला. हिजाझींची आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्याच वर्षी संपली. १९६८ पासून ते राष्ट्रीय संघाकडून साठाहून अधिक सामने खेळले होते.

ही कारकीर्द वयाने संपली नाही, दुखापतीनेही नाही. नव्या राजवटीच्या क्रीडा खात्याने नियम काढला की सत्तावीस वर्षांवरील खेळाडूला राष्ट्रीय संघात जागा नाही. एका फर्मानासरशी जुन्या काळातले नावाजलेले खेळाडू बाद झाले. लोकांच्या ओठांवर असलेली ही नावे नव्या सत्तेला अडचणीची वाटत होती काय, हा प्रश्न वाचकांनीच आपल्या मनाशी विचारावा. हिजाझी तेव्हा जेमतेम तिशीत होते. गोलरक्षक हा उशिरा पिकणारा खेळाडू असतो. १९८२ साली इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा गोलरक्षक आणि कर्णधार दीनो झॉफ चाळीस वर्षांचा होता. झॉफला जी दहा वर्षे मिळाली ती हिजाझींना कागदाच्या एका कपट्याने नाकारली. क्रांतीचे हिशेब मांडताना फाशी आणि तुरुंग मोजले जातात, ते मोजलेच पाहिजेत. परंतु माणसाच्या उमेदीची अशी हिरावून घेतलेली वर्षे कोणत्या वहीत लिहायची?

युद्धाच्या काळात इराणमध्ये राष्ट्रीय पातळीवरची लीगच उरली नव्हती. हिजाझी काही वर्षे इस्तिकलालकडून खेळत राहिले आणि १९८७ च्या सुमारास बांगलादेशात गेले. येथे आपल्या उपखंडाचा त्यांच्याशी संबंध येतो. इराणी खेळाडूंना ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. मजीद बिस्कर आणि जमशीद नासिरी हे तरुण अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आले आणि १९८० साली कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळू लागले. कोलकात्याने त्यांना डोक्यावर घेतले. जमशीद तर कायमचे कोलकात्याचेच झाले. हिजाझी ढाक्याच्या मोहामेडन स्पोर्टिंग क्लबात दाखल झाले ते मात्र प्रामुख्याने प्रशिक्षक म्हणून. गरज पडली तेव्हा हातमोजे चढवून ते स्वतःही गोलमध्ये उभे राहिले.

त्यांच्या काळात मोहामेडनने ढाक्याची लीग जिंकली. १९८८-८९ च्या आशियाई क्लब स्पर्धेत तर याच संघाने तेहरानच्या पर्सेपोलिसला २-१ असे हरवले. पर्सेपोलिस हा इस्तिकलालचा पिढीजात प्रतिस्पर्धी. ज्याला मायदेशाने वयाचे कारण सांगून घरी बसवले त्याने परदेशातल्या, साधनांनी गरीब असलेल्या संघाला मायदेशातल्या बलाढ्य क्लबावर विजय मिळवायला शिकवले. १९८९ साली बांगलादेशाच्या राष्ट्रीय संघाची धुराही त्यांच्याकडे होती. इस्लामाबादच्या दक्षिण आशियाई खेळांत हा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि पाकिस्तानकडून एका गोलने हरला. ढाक्यातली जुनी माणसे हिजाझींचे नाव आजही प्रेमाने घेतात.

मायदेशी परतल्यावर त्यांनी अनेक लहानमोठ्या संघांना शिकवले. खरा कस लागला तो १९९६ नंतर, इस्तिकलालचे प्रशिक्षकपद मिळाल्यावर. १९९७-९८ ची इराणी लीग त्यांच्या संघाने जिंकली आणि पुढच्या वर्षी आशियाई क्लब स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. ३० एप्रिल १९९९ रोजी आझादी क्रीडांगणात जपानच्या जुबिलो इवाता संघाशी सामना झाला. एक लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते. जपानी संघाने दोन गोल केले, इस्तिकलालला एकच परत फेडता आला. घरच्या मैदानावरचा हा पराभव झोंबणारा होता. त्याच वर्षी संघाची सूत्रे दुसऱ्याकडे गेली.

त्या लाखाच्या गर्दीत स्त्रियांना जागा नव्हती. क्रीडांगणाचे नाव आझादी, पण क्रांतीनंतर पुरुषांच्या सामन्यांना स्त्रियांना मज्जाव होता. १९९७ च्या अखेरीस इराण विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा संघाच्या स्वागताला हजारो स्त्रिया पहारा मोडून आत घुसल्या होत्या. पण तो अपवाद. २०१९ साली सहर खुदायारी ही इस्तिकलालची चाहती पुरुषी वेशात सामना पाहायला निघाली आणि पकडली गेली. तुरुंगवास होणार असे कानी येताच तिने न्यायालयाबाहेर स्वतःला जाळून घेतले. निळा हा क्लबाचा रंग, म्हणून जगाने तिला 'निळी मुलगी' म्हटले. तिच्या मृत्यूनंतर महिनाभरात, १० ऑक्टोबरला, आझादीचे दार काही हजार स्त्रियांसाठी उघडावे लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लीगच्या सामन्याला मोजक्या स्त्रिया प्रथमच बसल्या. तो सामना इस्तिकलालचाच होता. इस्तिकलाल, आझादी हे शब्द पाटीवर रंगवणे सोपे असते. त्यांचा अर्थ दाराशी कळतो.

हिजाझी स्पष्टवक्ते होते. फुटबॉलच्या कारभारात राजकारण्यांची आणि बड्या अधिकाऱ्यांची चाललेली लुडबूड त्यांना खपत नसे. म्हणूनच की काय, राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्या हाती कधी आले नाही. २००५ साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी आपले नाव नोंदवले. हजाराच्या वर लोकांनी नावे नोंदवली होती. पालक मंडळाने अखेर आठांना परवानगी दिली. हिजाझींचा अर्ज नाकारला गेला. आयुष्यभर दरवाजा राखणाऱ्या माणसाला सत्तेच्या दरवाजापाशीही उभे राहू दिले नाही. २००७ साली ते पुन्हा थोड्या काळासाठी इस्तिकलालचे प्रशिक्षक झाले, पण तेथे टिकले नाहीत.

२००९ मध्ये त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आजाराने त्यांचे शरीर खचवले, जीभ नाही. २०१० च्या डिसेंबरात अहमदीनेजाद सरकारने इंधन आणि अन्नधान्यावरची अनुदाने काढून घेण्यास सुरुवात केली, तेव्हा गरिबांनी जगायचे कसे, असा सवाल हिजाझींनी जाहीरपणे केला. मे २०११ मध्ये इस्तिकलालचा सामना दूरचित्रवाणीवर पाहत असताना ते बेशुद्ध झाले आणि २३ मे रोजी तेहरानच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अखेरच्या दर्शनासाठी हजारो लोक आझादी क्रीडांगणात जमले. शोकाच्या घोषणांतून लोकांची राजकीय नाराजीही उमटली. बेहिश्त-ए-जहरा या तेहरानच्या मोठ्या कबरस्तानात त्यांचा दफनविधी झाला.

आम्हांला या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हिजाझी शहाच्या काळात मोठे झाले, पण दरबारी झाले नाहीत. क्रांतीनंतर देश सोडून कायमचे गेलेल्यांत त्यांचे नाव नाही आणि नव्या सत्तेपुढे मान तुकवणाऱ्यांतही नाही. ढाक्याहून ते परतले, पराभव आणि अवहेलना सोसली, आणि जे बोलायचे ते आपल्याच लोकांत राहून बोलले. मुस्लिम समाजांचा इतिहास लिहिताना आपण सुलतान, मौलाना आणि सेनापती यांच्यापाशी थांबतो. त्यामुळे बाहेरच्यांना हा समाज एकसुरी दिसतो आणि आपल्यालाही तो तसाच वाटू लागतो. खुद्दारी हा शब्द आपल्या बोलण्यात सहज येतो. ती जपायची म्हणजे काय काय गमवावे लागते याचा हिशेब हिजाझींच्या आयुष्यात स्वच्छ मांडलेला आहे. राष्ट्रीय संघातली वर्षे गेली, पदे गेली, उमेदवारीही गेली. आझादी क्रीडांगणात त्यांच्यासाठी जमलेले लोक मात्र कोणाच्या फर्मानाने आले नव्हते.