मुसीचा महापूर आणि राखणीचा पैसा

नांदेड, देगलूरकडचा आपला माणूस हैदराबादला एस.टी.ने गेला की उतरतो तो अफझलगंजाच्या शेजारीच. उस्मानिया रुग्णालय, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, नया पूल ही सारी ठिकाणे तेथून पायी अंतरावर, मुसी नदीच्या काठाने वसलेली. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांचे नाव ह्या गंजाला मिळाले; परंतु ह्या नदीकाठाचे आजचे रूप मात्र 1908 च्या महापुरानंतरचे आहे.

28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीने पात्र सोडले. अफझलगंजचा पूल गेला, जुने रुग्णालय गेले, काठावरचे मोहल्ले वाहून गेले. मृतांची संख्या सुमारे 15,000 सांगितली जाते. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे तेवढी वाचली. शाळेच्या सहलीत मी मुलांना ते झाड दाखवले आहे. मुलांना झाड आठवते, सन आठवत नाही. इतिहासाच्या मास्तराने ह्याची फार तक्रार करू नये.

पुढल्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे आपल्याकडे ते परिचित होतेच. त्यांनी आधी हिशेब मांडला. मुसीच्या पाणलोटात 788 तलाव होते, त्यांपैकी 221 फुटले होते. वरचा बांध फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर, तो फुटला की त्याच्याही खालच्यावर. पाऊस आभाळातून आला हे खरे, पण शहरावर जे आदळले त्यातला काही वाटा ह्या मातीच्या बांधांचा होता. शहराच्या वर मुसी आणि ईसी ह्या दोन नद्यांवर धरणे बांधून पूर अडवावा, असा उपाय त्यांनी सुचविला. 1912 साली नगर सुधारणा मंडळ, म्हणजे ‘आराइश-ए-बल्दा’, स्थापन झाले. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर पुरा झाला. दोहोंची साठवण मिळून सात टी.एम.सी.च्या जवळपास.

येथवरचा इतिहास सर्वांच्या तोंडी आहे. राखणीचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. धरणाला कोनशिला असते. दारांच्या तेलपाण्याला, बांधावरची झुडपे उपटणाऱ्या मजुराला, नाल्यांची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला कोनशिला नसते. काटकसरीची कात्री चालते ती प्रथम ह्या किरकोळ ओळींवर. शाळेच्या सादिलवार खर्चाची मंजुरी मिळवताना दरवर्षी होणारी दमछाक मी अनुभवली आहे. इमारतीला पैसे मिळतात, कौले बदलायला मिळत नाहीत.

उस्मानसागर आणि हिमायतसागर ह्यांच्या बाबतीत ही कात्री वेगळ्या वाटेने आली. 1965 पासून शहराला मांजरेचे पाणी मिळू लागले. आपल्याच बालाघाटात उगम पावलेली ती मांजरा. मग सिंगूर, 2004 मध्ये कृष्णा, 2015 मध्ये गोदावरी. पिण्याच्या पाण्याच्या ताळेबंदात जुन्या जोडसागरांचा हिस्सा घटत गेला. 8 मार्च 1996 च्या शासन आदेश क्रमांक 111 ने ह्या जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत कारखाने व मोठी बांधकामे रोखली होती. 84 गावे त्याखाली आली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हा बंधारा मान्य केला. एप्रिल 2022 मध्ये मात्र तेलंगण सरकारने आदेश क्रमांक 69 काढून ते निर्बंध मागे घेतले. शहर आता ह्या पाण्यावर अवलंबून नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण. त्या 84 गावांतील शेतकऱ्यांची, आमच्या जमिनीचे मोल का अडवता, ही तक्रार अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण धरणे बांधली गेली ती आधी पुरासाठी, नळासाठी नंतर. नळाच्या वहीत एखाद्या तलावाची किंमत शून्य झाली म्हणून पुराच्या वहीतली ती कमी होत नाही. दुसरी वही उघडून पाहणारे खातेच दुबळे असले, तर हा युक्तिवाद मांडायचा कोणी?

जुलै 2024 मध्ये तलावांवरील अतिक्रमणे हटविण्याचे व आपत्ती निवारणाचे काम ‘हायड्रा’ ह्या नव्या यंत्रणेकडे दिले गेले. त्याच वर्षी मुसीच्या पुनरुज्जीवनासाठी दीड लाख कोटींचा आकडा चर्चेत आला. एवढ्या रकमेतून नदीकाठ सजेल. वरच्या नाल्यांवर पाहणीसाठी रोज हिंडणाऱ्या माणसाचा पगार त्यात कोठे बसतो, हे मला अजून कळलेले नाही.

26 सप्टेंबर 2025 च्या रात्री दोन्ही धरणांची दारे उघडावी लागली आणि मुसीच्या पात्रालगतच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. आपल्याकडे येणाऱ्या गाड्याही तेथूनच सुटतात. 1908 नंतर 117 वर्षांनी, तारखेत अवघ्या दोन दिवसांचा फरक.

आपल्या सीमाभागातही जुन्या तलावांना तोटा नाही. कंधारचा जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटकालीन. अशा तलावांच्या देखभालीवर दरवर्षी काय खर्च पडतो, कोणत्या सदराखाली पडतो आणि गेल्या दहा वर्षांत ती रक्कम वाढली की घटली, हे अंदाजपत्रकाची पाने उलटून पाहण्याचे काम माझ्या नववीच्या वर्गाला मी ह्या दिवाळीच्या सुटीसाठी दिले आहे.